आशागडच्या वाटेवरची बेटं

डहाणू रोडला गाडीतून उतरलेला पाहुणा सहसा पश्चिमेला वळतो. समुद्र तिकडे, पारनाका तिकडे, नरपड-चिखल्याचा किनारा तिकडे, आणि ज्या घोलवड-बोर्डीच्या चिकूसाठी हा तालुका ओळखला जातो ती गावंही तिकडेच. आशागडला जायचं तर रूळ ओलांडून उलट्या दिशेला लागावं लागतं. आशागड, गंजाड करत महामार्गाकडे आणि पुढे जव्हारकडे जाणारा हा रस्ता पर्यटनाच्या पुस्तकांत फारसा येत नाही. गंजाड आलंच तर वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्या नावामुळे. माझ्या मते मात्र डहाणू तालुका समजून घ्यायचा तर हाच रस्ता धरावा, कारण तालुक्यातले दोन हिरवे रंग इथे शेजारी शेजारी दिसतात. एक हिरवा चिकूच्या वाडीचा. तो गडद, दाट आणि बारा महिने एकसारखा असतो. दुसरा रानाचा आणि भातखाचरांचा. तो आषाढात डोळ्यांत भरतो, दिवाळीनंतर पिवळा पडतो, आणि फाल्गुनात सागाची पानं झडली की करडा होऊन जातो. गाडीतून जाणाऱ्याला दोन्ही मिळून ‘हिरवागार डहाणू’ दिसतो. १९९१ साली २० जूनच्या अधिसूचनेनं सगळा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला, तेव्हा कायद्याच्या नजरेलाही तो बहुधा तसाच दिसला असावा. पण या दोन हिरव्यांमध्ये एक सीमारेषा आहे. ती कशी काम करते हे मला एका पतंगाच्या निमित्तानं सांगायचं आहे.

हा पतंग म्हणजे चिकूचं बी पोखरणारी कीड. वाडीवाले तिला ‘बी पोखरणारी अळी’ म्हणतात, शास्त्रीय नाव ट्रायमॅलिटिस मार्गारिअस. पानं गुंडाळणाऱ्या पतंगांचं जे मोठं कुळ आहे, त्यातलाच हा एक. गेल्या दोन-तीन दशकांत पालघर जिल्ह्याच्या आणि शेजारच्या दक्षिण गुजरातच्या चिकू पट्ट्यात त्याचं नाव सारखं कानावर येतं. बागायतदारांच्या बैठकीत, कृषी अधिकाऱ्यांच्या पत्रकात आणि औषधांच्या दुकानात त्याचा उल्लेख एकाच सुरात होतो: बाहेरून आलेला शत्रू, त्याचा नायनाट करायला हवा. माझं म्हणणं याच्या उलट आहे. इथे बाहेरून आलं ते झाड, पतंग बहुधा इथलाच आहे. त्याला कीड बनवलं ते आपण उभ्या केलेल्या बेटांनी. हे मान्य केलं तर उपायांची दिशाही बदलते, म्हणून हा वाद निव्वळ हौसेचा नाही.

आधी अळीचं वागणं पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. फळ कोवळं असताना अळी त्यात शिरते आणि थेट बियांकडे जाते. गरात तिला फारसा रस नसतो, तिचं अन्न बीच्या काळ्या टरफलाआडचा मगज. ती शिरते तेव्हा भोक इतकं बारीक असतं की फळ वाढता वाढता ते बुजून जातं. बाहेरून चिकू निरोगी दिसतो, वाढतो, रंग धरतो. आतली अळी पूर्ण वाढली की गरातून वाट कोरत बाहेर पडते आणि पान दुमडून त्यात कोष करते. नुकसान होतं ते या बाहेर पडण्याच्या भोकानं. त्या वाटेनं फळ कुजायला लागतं, आणि भोक पडलेला चिकू बाजारात कुणी घेत नाही. म्हणजे शेतकऱ्याला पतंग दिसतो तेव्हा सगळं घडून गेलेलं असतं. फवारणी फळाच्या सालीवर बसते आणि अळी बीच्या पोटात असते. औषधाचा आणि अळीचा सामना होतो तो अंड्यातून निघून फळात शिरेपर्यंतच्या थोड्या वेळात. हा वेळ झाडागणिक, फांदीगणिक वेगळा, कारण चिकूला एकाच वेळी कळी, फूल, सुपारीएवढं फळ आणि उतरायला आलेलं फळ असं सगळं लागलेलं असतं.

आता हा पतंग आला कुठून? एडवर्ड मेरिक नावाचा इंग्रज गृहस्थ मार्लबरोच्या शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवायचा आणि उरलेल्या वेळात जगभरातून टपालानं येणाऱ्या सूक्ष्मपतंगांना नावं द्यायचा. अशी हजारो नावं त्यानं दिली. १९०५ साली त्यानं सिलोनहून आलेल्या नमुन्यांवरून या पतंगाचं वर्णन केलं. तेवढ्यावरून तो ‘श्रीलंकेचा पतंग’ ठरला आणि बेटावरून भारतात शिरल्याची समजूत सोयीची झाली. पण पहिला नमुना कुठे पकडला गेला यावरून फार तर त्या काळी पतंग पकडून विलायतेला पाठवणारे हौशी लोक कुठे राहत होते एवढं कळतं. सिलोनच्या मळ्यांवर असे लोक होते. आशागडला त्या काळात दिव्यावर येणारे पतंग गोळा करून इंग्लंडला धाडणारा कुणी असेल असं वाटत नाही. नोंद नसणं आणि पतंग नसणं यांत अंतर आहे.

शिवाय श्रीलंका हे बेट असलं तरी ते खऱ्या अर्थानं सागरी बेट नाही. बेटं दोन जातीची असतात हे चार्ल्स डार्विन आणि आल्फ्रेड वॉलेस यांच्या काळापासून माहीत आहे. काही बेटं खंडाचाच तुकडा असतात, मधला समुद्र उथळ असतो आणि समुद्राची पातळी उतरली की दोन्ही बाजू जोडल्या जातात. श्रीलंका तशी आहे. हिमयुगात ती तमिळ भूमीला जोडलेली होती, आणि जे किडे-झाडं-प्राणी इकडे आहेत त्यांतले पुष्कळ तिकडेही आहेत. दुसरी बेटं समुद्राच्या तळातून ज्वालामुखीनं वर आलेली, कुठल्याच खंडाशी कधी न जोडलेली. हवाई, गालापागोस आणि पॅसिफिकमधली असंख्य लहान बेटं या जातीची. तिथे जे काही पोचतं ते वाऱ्यावर, लाटेवर, लाकडाच्या ओंडक्यावर किंवा पक्ष्याच्या पिसांत अडकून, आणि तेही क्वचित. म्हणून तिथे पोचलेल्या थोडक्यांना मोकळं रान मिळतं, आणि त्यांची वंशावळ अशी काही फुटते की मुख्य भूमीवरच्या माणसाला खरं वाटू नये. हवाईत हायपोस्मोकोमा नावाच्या पतंगांच्या एकाच वंशात शेकडो जाती आहेत. त्यांतल्या एकीची अळी गोगलगाय रेशमानं पानाला बांधून ठेवते आणि मग तिला खाते. पतंगाची अळी म्हणजे पाला खाणारा जीव, ही आपली समजूत तिथे निकालात निघते. अशा बेटावरचा पतंग मुख्य भूमीवर आला किंवा मुख्य भूमीवरचा तिथे गेला, तर ‘परका’ या शब्दाला वजन आहे. सिलोनचा पतंग कोकणाच्या उत्तर टोकाला सापडला यात तसं काही नाही.

झाडाची गोष्ट मात्र वेगळी. चिकू हा दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलिझ या पट्ट्यातला वृक्ष. तिथले लोक त्याच्या खोडाला चिरा पाडून चीक काढत आणि चघळत. अमेरिकेतला च्युइंग गमचा धंदा आधी याच चिकावर उभा राहिला. स्पॅनिश लोकांनी तो पॅसिफिक ओलांडून फिलिपिन्सला नेला, आणि तिथून तो आशियात पसरला. भारतातली चिकूची पहिली बाग १८९८ साली घोलवडला लागली असं फळझाडांची पुस्तकं सांगतात. पुढे इराणी आणि इतर बागायतदारांनी हा पट्टा फुलवला, ‘कालीपत्ती’ ही जात घरोघरी झाली, आणि २०१६ मध्ये डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालं. सव्वाशे वर्षांत हे झाड इथलं होऊन गेलं यात शंका नाही. पण पतंगांच्या हिशोबात सव्वाशे वर्षं म्हणजे कालची गोष्ट. मेक्सिकोत जे किडे चिकूबरोबर लाखो वर्षं वाढले ते बोटीवर चढले नाहीत. चिकू इथे उतरला तेव्हा तो जवळजवळ मोकळा होता, त्याला ओळखणारं इथे कुणी नव्हतं.

कुणी नव्हतं म्हणजे थेट ओळखणारं नव्हतं, नात्यातले मात्र होते. आशागडच्या परिसरात चिकूच्या कुळातली तीन मोठी झाडं पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत: मोह, बकुळ आणि रायण, जिला कुणी खिरणी तर कुणी रांजण म्हणतात. मोहावाचून वारली घराचं वर्ष सरत नाही. फुलं वेचायची, बियांचं तेल काढायचं. बकुळ देवळाच्या आवारात सापडते. रायण तर चिकूची इतकी जवळची नातलग की चिकूचं कलम बांधायला खुंट तिचाच चांगला मानतात. खुंट इथल्या मातीतला, वरचा पसारा मेक्सिकोचा. या कुळाची एक खूण सगळ्यांत सारखी आहे, ती म्हणजे चीक. हिरवा चिकू तोडला की पांढरा चिकट द्रव येतो, तसाच रायणीचा आणि मोहाचाही येतो. हा चीक झाडाचं संरक्षण करतो. कोवळं फळ कुरतडणाऱ्या बहुतेक अळ्यांची तोंडं त्यात चिकटून बसतात. जी अळी या चिकातून वाट काढायला आधीच शिकली आहे, तिलाच नवं झाड सोपं जातं. असं शिक्षण मिळायला रायण, बकुळ, मोह यांच्यासारखी शाळा लागते, आणि ती या भागात सदैव होती.

हा तर्क हवेत सोडलेला नाही. चिकूची दुसरी मोठी कीड, पानं-कळ्या जाळ्यात गुंडाळणारा ‘चिकू पतंग’, बकुळीवरही जगते हे कीटकशास्त्रात पूर्वीपासून नोंदलेलं आहे. बी पोखरणाऱ्या पतंगाच्या वंशातल्या इतर जाती ऑस्ट्रेलियात आणि पॅसिफिकच्या बेटांवर सापडतात, म्हणजे हिंदी महासागरापासून पॅसिफिकपर्यंतच्या जुन्या मुलखात. चिकूच्या मूळ देशाशी या घराण्याचा संबंध लागत नाही. चिकूबरोबर आलेला पतंग असता तर गोष्ट उलटी दिसली असती. याहून मोठा पुरावा दुसऱ्या एका अमेरिकन झाडाचा आहे. कोकोचं झाडही तिकडचंच. चॉकलेटच्या हव्यासापायी ते आफ्रिका, आशिया आणि बेटाबेटांवर लावलं गेलं. डोनाल्ड स्ट्राँग या अमेरिकन परिस्थितिकी शास्त्रज्ञानं १९७४ साली वेगवेगळ्या देशांतल्या कोकोवरच्या किडींच्या याद्या मांडून पाहिल्या. कोको तिथे किती वर्षांपासून आहे यावर किडींची संख्या फारशी अवलंबून नव्हती. ती अवलंबून होती कोकोखाली किती जमीन आहे यावर. जितकं मोठं क्षेत्र तितक्या जास्त किडी, आणि त्यांतल्या बहुतेक त्या त्या देशातल्याच. म्हणजे परक्या झाडावर देशी किडे चढणं हा अपवाद नसून रिवाज आहे, आणि त्याचा वेग लागवडीचा पसारा ठरवतो.

क्षेत्राचा आणि जातींच्या संख्येचा हा हिशोब मुळात बेटांवरून आला. रॉबर्ट मॅकआर्थर आणि एडवर्ड विल्सन यांनी १९६७ मध्ये मांडलं की बेटावर किती जाती टिकतील हे दोन गोष्टींवर ठरतं: बेट किती मोठं आणि मुख्य भूमीपासून किती दूर. मोठ्या आणि जवळच्या बेटावर गर्दी, लहान आणि दूरच्या बेटावर तुरळक वस्ती. आशागडच्या रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर चिकूच्या वाड्या अशीच बेटं आहेत. ज्या अळीला चिकूच्या कुळाचंच बी लागतं, तिला भाताचं खाचर काय आणि सागाचं रान काय, दोन्ही सारखीच निरुपयोगी. तिच्या दृष्टीनं तो समुद्रच. या समुद्रात पूर्वी तिच्यासाठी काय होतं? इथे एक रायण, तिथे बकुळीचं झाड, एकमेकांपासून दूर, आणि दोन्हींचं फळ वर्षातून एका ठरावीक मोसमात. तो मोसम सरला की पुढच्यापर्यंत उपास. एवढ्याशा अन्नावर पतंग जगत असेल, पण त्याची संख्या वाढणार नाही. मग आपण त्या समुद्रात एकेका ठिकाणी शेकडो झाडांची बेटं उभी केली, आणि त्या झाडांवर वर्षभर कुठल्या ना कुठल्या वयाचं फळ ठेवलं. अंतर मिटलं आणि उपासही मिटला. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी आहे. झाडं जवळ आल्यानं पतंगाला घर सापडतं, पण बारमाही फळामुळे त्याची एकही पिढी उपाशी जात नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही उपमा लंगडी आहे. खऱ्या बेटावर शत्रू पोचत नाहीत म्हणून कीड माजते, आशागडला तर चहूबाजूंनी रान आहे, पक्षी आहेत, परोपजीवी गांधीलमाश्या आहेत. पतंग इथलाच असेल तर त्याचे वैरीही इथलेच असणार, मग ते त्याला आवरत का नाहीत? आक्षेप योग्य आहे, आणि माझ्या मांडणीतला सर्वांत कच्चा दुवा त्यानं नेमका धरला आहे. त्याचं उत्तर अळीच्या मुक्कामात आहे. अंडं आणि कोष या दोनच अवस्था वाडीत उघड्यावर असतात. मधलं सगळं आयुष्य बीच्या आत जातं, तिथे परोपजीवी सहजी पोचत नाही. म्हणजे निसर्गाला हात घालायला ज्या दोन जागा मोकळ्या आहेत, त्याच जागांवर आपली फवारणी पडते. औषध अळीपर्यंत पोचत नाही, पण पानावर बसलेल्या इवल्याशा गांधीलमाशीला मात्र लगेच मारतं. वैरी बाहेर आहेत हे खरं, पण वाडीच्या कुंपणाशी आपणच त्यांना अडवतो. या अर्थानं बेटाभोवतीचा समुद्रही काही अंशी आपलाच.

दुसरा आक्षेप फिजीतून येतो, आणि तो जास्त जड आहे. फिजीतल्या विती लेवू बेटावर लेवुआना नावाचा निळसर चमकदार पतंग होता. १८७७ पासून त्याच्या अळ्यांनी तिथले नारळ पार उघडे केले. खोबऱ्याच्या व्यापाराचा तो कणाच मोडत होता. १९२५ साली जॉन टोटहिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मलायातून एक परोपजीवी माशी बोटीनं आणून सोडली. ती मूळची दुसऱ्याच एका पतंगावर वाढणारी होती, पण लेवुआनाच्या अळीवर तिनं अंडी घातली आणि थोड्याच काळात नारळ पुन्हा हिरवे झाले. किडीचा बंदोबस्त करणाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकांत हे यश अजून सांगितलं जातं. मग डहाणूत असं का करू नये? एखादी माशी आणावी, सोडावी, प्रश्न संपवावा. बागायतदाराचं नुकसान खरं असताना ‘पतंग इथलाच आहे’ असं म्हणत बसणं म्हणजे दुसऱ्याच्या पोटावर तत्त्वज्ञान करणं.

नुकसान खरं आहे हे मला मान्यच आहे. चिकू उतरवणाऱ्या, निवडणाऱ्या, पेट्या भरणाऱ्या आदिवासी मजुरांची रोजी त्यावर आहे, वाडीमालकाचा तोटा अखेर त्यांच्यापर्यंत पोचतो. पण फिजीची गोष्ट तिथे संपत नाही. लेवुआना पुढे दिसेनासा झाला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तो नामशेष मानला जाऊ लागला. नारळ न खाणाऱ्या, त्याच्या नात्यातल्या दुसऱ्या एका पतंगालाही त्या माशीनं गाठलं. मग वाद सुरू झाला: लेवुआना फिजीचा मूळ रहिवासी होता की मागाहून आलेला? मूळचा असेल तर माणसानं एक पूर्ण जात जाणूनबुजून संपवली. बाहेरचा असेल तर त्याच्या मूळ बेटावर तो अजून कुठेतरी जगत असेल. १८७७ आधी त्याचा उपद्रव नव्हता आणि त्याला बेटावर खास वैरी नव्हता, यावरून काहींनी तो पश्चिमेकडच्या बेटांवरून आला असावा असं मानलं. हा वाद या शतकातही लिहिला-बोलला गेला, आणि निकाल लागलेला नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की माशी सोडली तेव्हा हा प्रश्न सुटलेला नव्हता. तो महत्त्वाचा ठरला तेव्हा तपासायला पतंग उरला नव्हता.

आणि फिजीचं यशही ज्या कारणानं मिळालं ते डहाणूत लागू नाही. तिथली अळी पानावर उघडी बसायची, माशी तिच्यापर्यंत पोचायची. तिथे वैऱ्याची जागा रिकामी होती, माशीनं ती भरली. इथली अळी बीच्या आत, आणि वैऱ्याची जागा रिकामी नाही, फक्त फवारणीनं झाकली गेलेली. बाहेरची माशी आणून ती जागा उघडणार नाही. शिवाय आशागड हे सागरी बेट नसल्यामुळे सोडलेली माशी वाडीत थांबणार नाही. ती रानात जाईल, तिथल्या मोहा-ऐनावरच्या, पळसावरच्या पतंगांकडे वळेल, आणि तिथे काय झालं हे मोजायला कुणीही बसलेलं नसेल. चुकीची किंमत एका बेटापुरती राहील ही फिजीतली हमी इथे मिळत नाही.

तिसरा आक्षेप वाडीमालकच करतात, आणि तो किडीपेक्षा मोठ्या गोष्टींकडे बोट दाखवतो. चिकूचं उत्पादन घटलं ते औष्णिक वीजप्रकल्पाच्या राखेनं, लहरी पावसानं, पावसाळी फळगळीनं, वटवाघळांनी. त्यात या एका पतंगाचं काय घेऊन बसायचं? कारणं अनेक आहेत यात वाद नाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमावं लागलं ते काही उगीच नव्हे. पण या यादीतलं बहुतेक काही बागायतदाराच्या हातात नाही. पाऊस त्याच्या हातात नाही, प्रकल्पाचं धुराडंही नाही. वाडीची रचना मात्र आहे, आणि पतंगाचा प्रश्न मुळात रचनेचा आहे.

रचनेकडे पाहिलं की उपाय कमालीचे साधे निघतात. कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात ते पूर्वीपासून आहेत, पण ते फवारणीच्या तक्त्याआड दडतात. गळलेली, भोक पडलेली फळं वाडीत पडू द्यायची नाहीत. ती रोज वेचून नष्ट करायची, कारण काहींत अळी अजून आत असते आणि तीच पुढची पिढी. एकमेकांत शिरलेल्या फांद्या छाटून ऊन आत येऊ द्यायचं. जुन्या वाड्यांत झाडांचे पसारे मिळून वरती छत झालेलं असतं आणि खाली दुपारीही अंधार असतो. प्रकाशसापळे लावायचे. औषध शेवटी, आणि पाहून. यात नवं काही नाही, आणि म्हणूनच ते कुणाला आकर्षक वाटत नाही. फळं वेचायला रोज माणसं लागतात, मजुरी लागते. औषधाचा डबा एकदाच विकत घ्यावा लागतो. आर्थिक हिशोब फवारणीच्या बाजूनं झुकतो तो एवढ्यासाठीच.

पण सर्वांत मोठी अडचण मजुरीची नाही. बेटाची उपमा मी इथे मागे घेतो, किंवा खरं तर दुरुस्त करतो. आशागडच्या वाड्या ही सुटी बेटं नाहीत, तो द्वीपसमूह आहे. मधला समुद्र अरुंद आहे, एका वाडीतला पतंग रात्रीत दुसरीत जातो. द्वीपसमूहात एका बेटावरची जात संपली तरी शेजारच्या बेटावरून ती पुन्हा येते, हे मॅकआर्थर-विल्सन यांच्या गणिताचंच एक पोटकलम आहे. याचा अर्थ एका मालकानं वाडी कितीही स्वच्छ ठेवली आणि शेजाऱ्यानं फळं कुजू दिली, तर स्वच्छ वाडीवाल्याचे पैसे वाया. त्यातून तो पुढच्या वर्षी फवारणीकडे वळतो, आणि त्याचा दोष नाही. शेजारची वाडी पुष्कळदा अशा मालकाची असते जो मुंबईत राहतो आणि हंगामाला ठेकेदाराच्या हाती देतो. ठेकेदाराला उतरलेल्या फळाचे पैसे मिळतात, पडलेलं फळ वेचण्याचे नाही. या व्यवस्थेत पतंग शिरला नसता तरच नवल.

म्हणून माझी विनंती महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाला आणि आशागडपासून घोलवडपर्यंतच्या बागायतदारांना आहे. भौगोलिक मानांकन एका वाडीला मिळालेलं नाही, ते या भागाच्या फळाला मिळालेलं आहे, आणि त्याची नोंदणी संघाच्या नावावर आहे. त्या नावाचा अधिकार लेबल चिकटवण्यापुरता ठेवू नये. गावनिहाय ठरवून, एकाच आठवड्यात, सगळ्या वाड्यांतलं पडलेलं फळ उचलण्याची मोहीम संघानं हाती घ्यावी. ठेक्याच्या कागदातच पडलेल्या फळाच्या वेचणीची अट आणि मजुरी लिहून घ्यावी. निदान एक हंगाम निवडक गावांत फवारणी थांबवून काय होतं ते मोजावं. हे मोजायला कोसबाडचं कृषी विज्ञान केंद्र तालुक्यातच आहे.